रोहित्राची खरी किंमत

(बी. कॉम. भाग दोन)

‘सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारावी’ हे वाक्य वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पाठ असते. मीही ते उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. गेल्या सुट्टीत मामांकडे बालाघाटला गेलो होतो. एका वीज उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरून आम्ही घराएवढे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, पाहिले. हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या मामांनी विचारले, “हे विकत घ्यायचे तर काय पाहशील?” मी म्हणालो, “किंमत.” मामा हसले. त्या हसण्याचे कारण शोधताना जे शिकलो, ते येथे मांडतो.

वैनगंगेकाठचे बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. जिल्ह्यात भरवेलीला मँगनीजची भूमिगत खाण आणि मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. खाणीतले पाणी उपसणारे पंप विजेवरच चालतात. तेव्हा येथे वीज जाणे म्हणजे केवळ घरातला पंखा थांबणे नव्हे. दुरून १३२ किलोव्होल्ट दाबाने येणारी वीज ३३ किलोव्होल्टवर उतरवून पुढे पाठवणे, हे अशा उपकेंद्रातील रोहित्राचे काम.

खरेदी

ही वस्तू दुकानात तयार मिळत नाही. क्षमता, दाब, थंड ठेवण्याची पद्धत इत्यादी तपशील ठरवून निविदा मागवतात. त्यासाठी आयएस २०२६ हे भारतीय मानक आहे. माल तयार होण्यास कित्येक महिने लागतात. तेवढ्यात तांबे व पोलाद महागले तर? म्हणून करारात किंमत-बदलाचे सूत्र घालतात.

आता मुख्य मुद्दा. रोहित्र स्वतःही वीज खाते. भार असो वा नसो, गाभ्यातील लोहहानी चोवीस तास चालू असते. वेटोळ्यांतील ताम्रहानी भाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; भार निम्मा झाला की ती चतुर्थांशावर येते.

उदाहरणासाठी काही आकडे धरू. ‘अ’ची निविदा ‘ब’पेक्षा २० लाख रुपयांनी स्वस्त, पण तिच्यात लोहहानी १० किलोवॅटने जास्त. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ८७,६०० युनिट वाया. युनिटला ५ रुपये धरल्यास वर्षाला ४,३८,००० रुपये. आयुष्य २५ वर्षे आणि व्याज दहा टक्के धरून या रकमांचे आजचे मूल्य काढले, तर ते सुमारे ३९ लाख ७६ हजार होते. २० लाख वाचवण्यासाठी आपण जवळजवळ ४० लाख घालवले! म्हणूनच जाणकार खरेदीदार निविदेच्या किमतीत हानीचे मूल्य मिळवून तुलना करतात, आणि प्रत्यक्ष हानी कबूल केल्यापेक्षा जास्त निघाली तर दंडाची तरतूद ठेवतात.

चाचणी व वाहतूक

कारखान्यातील नेहमीच्या चाचण्या खरेदीदाराच्या प्रतिनिधीसमोर होतात. विशेष चाचण्यांसाठी १९६० साली स्थापन झालेली बेंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आपल्या कन्नड विभागातील मित्रांना परिचित असेल. तिची एक शाखा भोपाळलाही आहे.

वजन कमी करण्यासाठी मोठ्या रोहित्रातील तेल काढून टाकीत कोरडा नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरतात. पूर्वी गोंदियाहून बालाघाटला जाणारी रेल्वे अडीच फुटी होती. मोठ्या रुळांची वाघीण गोंदियातच अडे. आता तेथे मोठे रूळ आले आहेत. पण रेल्वेने न्यायचे नसेल, तर अनेक चाकांच्या ट्रेलरसाठी वाटेतले पूल आणि वळणे आधी तपासावी लागतात. प्रवासातले धक्के नोंदवणारे यंत्र रोहित्रावर बसवतात. त्याची नोंद पाहिल्याशिवाय पोचपावतीवर बिनशर्त सही करू नये. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकीबरोबर धोकाही खरेदीदाराकडे जातो. म्हणून विमा कोणी व कोठपर्यंत उतरवायचा, हे करारात स्पष्ट हवे.

उभारणी

काँक्रीटच्या पायावर रोहित्र सरकवून बसवतात. गळणारे तेल सामावण्यासाठी खाली खडी भरलेला खड्डा असतो. मग बुशिंग, रेडिएटर आणि तेलाची वरची टाकी जोडतात. आतील कागदी आवरणाचा ओलावा हा मोठा शत्रू. त्यासाठी निर्वात पंपाने हवा काढून गाळलेले कोरडे तेल भरतात. आवरणाचा रोध, तेलाची दाब सहन करण्याची शक्ती आणि आतल्या बिघाडाने जमणाऱ्या वायूची सूचना देणारा बुखोल्झ रिले, हे सारे तपासूनच प्रथम भाराविना वीज सोडतात. घाईने एक दिवस वाचवला, तर पुढची पंचवीस वर्षे धोक्यात येतात. यासाठीच रकमेचा काही भाग रोहित्र चालू होईपर्यंत राखून ठेवणे शहाणपणाचे.

परीक्षेत तो प्रश्न पुन्हा आला, तर मी लिहीन : अटी पूर्ण करणाऱ्या निविदांपैकी, आयुष्यभराचा खर्च सर्वांत कमी असेल ती स्वीकारावी. कारण चुकीच्या निवडीचा भार शेवटी गिऱ्हाइकाच्या वीजबिलावरच पडतो, आणि ते बिल तुमच्या-माझ्या घरी येते.