इंटरनेटचा सातबारा : मार्ग-नोंदवहीची ओळख

तालुक्याच्या गावी केबलबरोबर इंटरनेट पुरविणारे छोटे व्यावसायिक आणि संगणकाचे शिक्षण घेऊन नेटवर्कच्या नोकरीकडे वळू पाहणारे आपले विद्यार्थी, या दोघांनाही एक विषय सुरुवातीलाच अडतो. तो म्हणजे इंटरनेटची मार्ग-नोंदवही, अर्थात राउटिंग रजिस्ट्री. विषय अवघड नाही. परंतु तो मराठीतून समजावून सांगणारे कमी. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याची प्राथमिक माहिती देत आहोत.

मूळ प्रश्न कोणता?

इंटरनेट हे एकच जाळे नव्हे. ७० हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते बनले आहे. अशा प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो, त्यास ए.एस. क्रमांक म्हणतात. प्रत्येक जाळे आपल्या शेजारच्या जाळ्याला सांगते, "अमुक आय.पी. पत्ते माझ्याकडून गाठता येतील." शेजारी ते पुढच्याला सांगतो. या बोलण्याच्या पद्धतीस बी.जी.पी. असे नाव आहे. सांगणारा खरे बोलतो की नाही, हे तपासण्याची सोय मात्र मूळ बी.जी.पी.मध्ये नाही. सारा व्यवहार विश्वासावर चालतो.

हा विश्वास किती महाग पडू शकतो याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १२ मार्च २०१५ रोजी दुपारी अडीचच्या सुमारास मुंबईच्या हॅथवे कंपनीच्या जाळ्याने (ए.एस. १७४८८) गुगलच्या ३०० हून अधिक पत्तागटांचे मार्ग चुकून एअरटेलला (ए.एस. ९४९८) कळविले. एअरटेलने ते जगाला सांगितले आणि अमेरिका, फ्रान्स, सिंगापूर येथील मोठ्या कंपन्यांनीही ते मानले. परिणामी गुगलच्या सेवा अनेक देशांत काही काळ बंद पडल्या. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते, कोणतीही तार तुटली नव्हती. एकाने चुकीचे सांगितले व दुसऱ्याने न तपासता ऐकले, एवढेच घडले.

नोंदवही म्हणजे काय?

जमीन कोणाची हे शेजाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर ठरत नाही. आपण सातबाराचा उतारा मागतो. इंटरनेटवरही तसाच उतारा असावा या विचारातून मार्ग-नोंदवह्या निर्माण झाल्या. अमेरिकेतील मेरिट या संस्थेने १९९५ मध्ये आर.ए.डी.बी. ही नोंदवही सुरू केली. ती आजही चालू आहे. पुढे १९९९ मध्ये या नोंदी लिहिण्याच्या आर.पी.एस.एल. या भाषेचे सुधारित प्रमाण प्रसिद्ध झाले. आशिया-प्रशांत विभागासाठी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था पत्ते वाटते व नोंदवही ठेवते. भारतात हेच काम निक्सी या संस्थेची शाखा इरिन करते.

नवशिक्याने काय करावे?

पहिली गोष्ट, पत्ते कोणाचे आहेत ते पाहावे. इरिनकडून स्वतःच्या नावे घेतलेले असतील तर नोंद आपण करावी. वरच्या कंपनीकडून वापरायला मिळालेले असतील तर तिची संमती घेऊन, तिच्यामार्फतच नोंद करावी. दुसऱ्याच्या पत्त्याची नोंद परस्पर करणे म्हणजे दुसऱ्याच्या गटावर आपले नाव लावणे होय.

दुसरी गोष्ट, 'मेंटेनर' नोंद. ही आपल्या दप्तराची किल्ली. तिच्यावाचून आपल्या नोंदीत कोणालाही फेरफार करता येत नाही. तिचा पासवर्ड जपून ठेवावा. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाबरोबर तो जाऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट, 'रूट' नोंद. हा प्रत्यक्ष उतारा. समजा, आपला पत्तागट १९८.५१.१००.०/२४ आणि ए.एस. क्रमांक ६४५००. (हे दोन्ही केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आकडे आहेत.) 'रूट'पुढे पत्तागट, 'ओरिजिन'पुढे ए.एस. क्रमांक, 'मेंट-बाय'पुढे मेंटेनरचे नाव आणि 'सोर्स'पुढे नोंदवहीचे नाव लिहावे. अर्थ इतकाच, की हा गट जाहीर करण्याचा अधिकार या जाळ्याला आहे.

चौथी गोष्ट, आपल्याखाली आणखी छोटी जाळी असतील तर त्यांचे क्रमांक 'ए.एस.-सेट' या यादीत घालावेत. या यादीवरून बी.जी.पी.क्यू.४ सारखे साधन राउटरसाठी चाळणी तयार करून देते. आपणही खालच्या जाळ्यांसाठी अशी चाळणी लावावी आणि ती नियमित नव्याने बनवावी. यादीत नसलेला मार्ग आत येता कामा नये.

शेवटी 'हूइज' या सोयीने आपली नोंद बाहेरून वाचून पाहावी.

नोंदवहीची मर्यादा

फेरफार वेळेवर न झाल्यास सातबारावर मृताचे नाव राहते, तसेच येथेही होते. पत्ते परत केले तरी जुनी नोंद तशीच पडून राहते. शिवाय काही नोंदवह्यांमध्ये मालकी काटेकोर तपासली जात नसे, त्यामुळे चुकीच्या नोंदीही शिरल्या. यावर उपाय म्हणून आर.पी.के.आय. ही पद्धत आली. तीत पत्त्यांचा खरा धारकच डिजिटल सहीनिशी आर.ओ.ए. नावाचा दाखला काढतो. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तशीच ही सुधारणा समजावी. नवशिक्याने रूट नोंद व आर.ओ.ए. दोन्ही करावे, आणि दोहोंत पत्तागट व क्रमांक तंतोतंत जुळतात की नाही ते पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम कारकुनी वाटेल. पण नोंद नसेल तर वरच्या कंपनीची चाळणी आपला मार्ग मुकाट्याने टाकून देते. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळंब किंवा उमरग्याच्या एखाद्या मुलीपुढचा पडदा कोरा राहतो, आणि दोष कोणाचा हे तिला कधीच कळत नाही. आपल्या नावे जे आहे ते लिहून ठेवावे, जे नाही ते लिहू नये, आणि दुसऱ्याचे ऐकण्याआधी उतारा पाहावा. हे तीन नियम पाळणारा माणूस कोणत्याही नेटवर्कमध्ये विश्वासाचा ठरेल.

स्वाध्याय
१) 'रूट' नोंदीतील चार बाबी सांगा.
२) आपल्या घरच्या इंटरनेट जोडणीचा आय.पी. पत्ता 'हूइज'वर पाहून तो कोणाच्या नावे आहे ते लिहा.
३) १२ मार्च २०१५ रोजी चाळणी कोठे हवी होती? कारण द्या.