सरकारी फाइल कुठल्या फॉन्टमध्ये, याच्याशी तुमच्या धंद्याचा काय संबंध?

व्हिडिओत ‘खुली मानकं’ हा भाग जरा घाईत झाला, म्हणून इथे निवांत बोलू. खुलं मानक म्हणजे फाइल किंवा डेटा कसा साठवायचा याचा असा नियम, जो कुणालाही वाचता येतो आणि रॉयल्टी न देता वापरता येतो.

अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. पूर्वी स्क्रीनवर मराठी दिसायचं, पण आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षरांच्या जागी. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळी अगम्य चिन्हं! आता असा फॉन्ट सरकारी कार्यालयाने घेतला, तर त्यांना मजकूर देणाऱ्या प्रत्येकाला तेच सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागणार. आणि दहा वर्षांच्या फाइली साठल्यावर पुढचं कामही त्याच कंपनीकडे जाणार. तुमची तीन माणसांची फर्म कितीही स्वस्तात काम करो, तिला दारातच अडवलं जातं. माझ्या मते खरं नुकसान हेच; लायसन्सचा खर्च त्यामानाने किरकोळ.

यावरचा उपाय आपल्याकडेच होता बरं का. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक ठरवलं, पुण्याच्या सी-डॅकने ते वापरात आणलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच धर्तीची. म्हणून आज ‘क’चा क्रमांक ०९१५, मग मोबाइल कुठलाही असो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरणही आणलं. पण धोरण असून भागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा आणि वेबसाइटवर स्कॅन केलेली पीडीएफ टाकायची, मग त्यात शोधणार काय, कपाळ?

जिथे नियम सक्तीचा झाला, तिथला फरक तुमच्या गल्ल्यावरच दिसतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं, फक्त स्वतःच्याच अ‍ॅपवर चालणारे नवे क्यूआर कोड काढायचे नाहीत, आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत बदलायचे. म्हणून वडापावच्या गाडीवर एकच यूपीआय स्टिकर पुरतो, गिऱ्हाइकाचं अ‍ॅप कुठलं का असेना.

बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना हाच प्रश्न तुम्हीही विचारा: “माझी गिऱ्हाइकांची यादी आणि जुनी बिलं सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतील का?” नुसत्या ‘हो’वर जाऊ नका. डेमोतच फाइल काढून दाखवायला सांगा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून मराठी नावं नीट दिसतात का बघा, आणि मगच पैसे द्या.