स्वयंविमा : तारण किती आणि कशावर?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

कामगार कामावर जखमी झाला किंवा कामामुळे आजारी पडला, तर त्याची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. ही जबाबदारी मालक दोन प्रकारे पार पाडू शकतो : विमा कंपनीकडे हप्ते भरून, किंवा सरकारच्या परवानगीने ती जोखीम स्वतःच पत्करून. या दुसऱ्या प्रकारास स्वयंविमा म्हणतात. हप्ता वाचत असल्याने मोठ्या कंपन्यांना तो सोयीचा वाटतो. परंतु मालकाचेच दिवाळे निघाले तर? या प्रश्नाच्या अभ्यासात अमेरिकेतील कोळसा खाणींचे उदाहरण मला फार बोधप्रद वाटले.

कोळशाची धूळ फुप्फुसांत साठून खाणकामगारांना जो असाध्य विकार जडतो, त्यास तिकडे ‘काळे फुप्फुस’ म्हणतात. १९६९ च्या कायद्याने अशा कामगारांना भरपाई मिळू लागली. भरपाई देणारा मालकच न उरल्यास ती देता यावी म्हणून १९७८ मध्ये एक विश्वस्त निधी सुरू झाला. कोळशावरील करातून त्यात पैसा येतो. तो अपुरा पडल्यास सरकारी खजिन्यातून कर्ज काढावे लागते. स्वयंविम्यास परवानगी देणे व त्यासाठी तारण ठरवणे हे काम तेथील केंद्रीय कामगार खात्याचे आहे.

२०१४ व २०१५ या दोन वर्षांत तीन स्वयंविमाधारक कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने २०२० मध्ये दिलेले आकडे असे (दशलक्ष डॉलर) :

अल्फा नॅचरल रिसोर्सेस : तारण १२, निधीवर आलेले अंदाजे देणे ४९४
पॅट्रियट कोल : तारण १५, देणे २३०
जेम्स रिव्हर कोल : तारण ०.४, देणे १४१
एकूण : तारण २७.४, देणे ८६५

म्हणजे शंभर डॉलरच्या देण्यामागे तारण जेमतेम तीन डॉलरचे!

असे का झाले? अर्जाच्या वेळी कंपनी वर्षाला जेवढी भरपाई देत असे, तिच्या ३, ५ किंवा १० पट रक्कम तारण म्हणून घेतली जाई. किती पट, हे कंपनीच्या नक्त मालमत्तेवर ठरे. पण धूळ आज फुप्फुसात जाते आणि विकार कित्येक वर्षांनी प्रकट होतो. चालू वर्षाचा खर्च हे जुन्या कामाचे देणे असते. आजच्या कामाचे देणे त्यात दिसतच नाही. जमाखर्चाच्या तासाला ‘खर्च’ आणि ‘तरतूद’ यांतील जो फरक आपण शिकतो, तोच येथे विसरला गेला.

हिशेबतपासणी कार्यालयाने कामगार खात्याचे तीन दोष दाखवले : भावी देण्याचा अंदाज न घेणे, तारणाचा नियमित फेरविचार न करणे, आणि आवश्यक तेथे परवानगी वेळीच रद्द न करणे. ‘जामीन’ हा शब्द मराठीत आहे, तसा कन्नडमध्येही आहे. गावची पतपेढीसुद्धा कर्ज देताना जामीनदाराची ऐपत पाहते. येथे मालक स्वतःच स्वतःचा जामीन झाला होता, आणि त्याची ऐपत नियमितपणे तपासली गेली नाही.

कामगारांची भरपाई निधीने चालू ठेवली, ही समाधानाची गोष्ट. मात्र तिचा भार करावर, म्हणजे ज्या खाणी चालू होत्या त्यांच्यावर, व अखेर सरकारी खजिन्यावर पडला.

भावी देण्याच्या १२० टक्के तारण घ्यावे, असा प्रस्ताव कामगार खात्याने २०२३ मध्ये मांडला. डिसेंबर २०२४ च्या अंतिम नियमात ते प्रमाण १०० टक्के ठरले. एवढे तारण अडकून पडल्यास धंद्याला भांडवल कमी पडेल, हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. तथापि ज्याला पूर्ण तारण झेपत नाही, त्याने विमा कंपनीचा हप्ता भरावा हे मला न्याय्य वाटते. परवानगी ही एकदा देऊन विसरण्याची गोष्ट नव्हे. ताळेबंदाप्रमाणे तीही दरवर्षी तपासली पाहिजे.