विद्यापीठीय शिक्षण : पदवीच्या पलीकडचा हेतू

पदवी घेतलेल्या मुलाला "काय शिकलास?" असं विचारलं की तो बहुधा टक्केवारी सांगतो. शिक्षण कशासाठी घेतलं, हे मात्र त्याला पटकन सांगता येत नाही. हा दोष एकट्या त्या मुलाचा नाही. त्याचं मूळ इतिहासातही सापडतं.

१८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. शिकवायचं काम कॉलेजांचं. परीक्षा घेणं आणि पदवी देणं विद्यापीठाचं. म्हणजे विद्यापीठाला विद्यार्थी भेटायचा तो उत्तरपत्रिकेतून! पुढे विद्यापीठांत अध्यापन सुरू झालं, अभ्यासक्रम बदलले, पण परीक्षेभोवती फिरण्याची सवय काही सुटली नाही.

मग वेगळी वाट आहे का? आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहू लागली. १९४७ मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि 'कमवा व शिका' ही कल्पना उच्च शिक्षणात आली. श्रम करून शिकणाऱ्या गरीब मुलाला कुणाच्या उपकाराचं ओझं वाटत नाही. त्याचा स्वाभिमान शाबूत राहतो आणि कष्टाची किंमतही कळते. मानवी शिक्षण ते हेच.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो, सात दिवसांचं शिबिरही असतं. नव्या शैक्षणिक धोरणात तर समाजात जाऊन केलेल्या कामाला क्रेडिट आहे. मग अडतं कुठे? तास भरले, फोटो काढले, फाईल जमा केली की काम संपलं, इथे अडतं.

हेच काम खरं करता येईल. रसायनशास्त्राच्या मुलांनी गावच्या विहिरींचं पाणी तपासावं आणि निष्कर्ष ग्रामसभेत सांगावेत. वाणिज्य शाखेच्या मुलांनी बचत गटातल्या ताईंना हिशेब लिहायला शिकवावं. मराठीच्या मुलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात. गुण देताना एकच प्रश्न विचारावा : याचा कुणाला उपयोग झाला?

अर्थात, त्यासाठी विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा शिक्षक हवा. तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात धावणाऱ्या प्राध्यापकाला मुलांजवळ बसायला वेळ कुठून मिळणार? रिक्त पदं भरणं हा म्हणूनच केवळ नोकरीचा प्रश्न नाही, तो मुलांच्या घडणीचा प्रश्न आहे.

आम्ही प्राथमिक शिक्षक पहिलीत मुलाला आधी त्याचं नाव विचारतो, मग अक्षर शिकवतो. पदवीच्या वर्गातही हाच क्रम असायला काय हरकत आहे?

विचार करा : तुमच्या गावातली कोणती एक अडचण तुमच्या विषयाच्या ज्ञानाने सुटू शकेल?