निराश मास्तर वाचताना

चि. रेवास,


तुझं पत्र आणि सोबतची व्यंगचित्रं मिळाली. ‘सायोनारा, झेत्सुबो-सेन्सेई’ या मांगानं, म्हणजे जपानी चित्रकथेनं, तुला झपाटलंय हे रेघारेघांत दिसतं. असलं काळंकुट्ट विनोदी वाचन तुला झेपेल का, याची ताईला काळजी वाटते. वाचणं सोड असं मी म्हणणार नाही. पण जरा थांबून वाच.

पहिलं प्रकरण पुन्हा काढ. साकुरा, म्हणजे चेरी, बहरलाय आणि त्याच झाडाला मास्तरानं गळफास लावून घेतलाय. त्याची विद्यार्थिनी काफुका धावत येते, वाचवायचं म्हणून त्याचे पाय धरून ओढते आणि फास आणखीच आवळतो. दोरी तुटते. मास्तर खाली आपटून ओरडतो, मेलो असतो तर काय केलं असतंस! इथवर सगळेच हसतात. पुढचं बघ. अशा सुंदर दिवशी कुणी जीव देणं शक्यच नाही, तुम्ही उंची वाढवत होतात, असं ती ठरवून टाकते. तिचे वडीलसुद्धा म्हणे अशीच उंची वाढवायचे. हे ती हसतमुखानं सांगते आणि त्या घरात काय चाललं असेल ते आपल्या ध्यानात येतं. मला त्या रडक्या मास्तरापेक्षा या आनंदी मुलीची जास्त भीती वाटते. हे सगळं लिहिणारे-काढणारे कोजी कुमेता किती मोठे व्यंगकार आहेत, हे मला याच पानांवर कळलं.

तू त्यांच्याकडून मास्तराची निराशा तेवढी उचललीस. तुझ्या चित्रांतली माणसं जग वाईट आहे म्हणतात आणि चित्र तिथंच संपतं. कुमेतांचा मास्तर प्रकरणागणिक समाजातली एखादी बारीकशी खोड पकडतो, ‘मी निराश झालो!’ म्हणून किंचाळतो आणि मग उदाहरणांचा असा भडिमार करतो की त्यातलं एखादं आपल्या घरचं निघतंच. 2005 ते 2012 अशी सात वर्षं हे काम साप्ताहिकात चाललं, त्याचे 30 खंड झाले. नुसत्या चिडीवर एवढं चालत नाही गं. त्यासाठी रोज माणसं बघावी लागतात.

त्या मास्तराच्या वर्गातल्या मुलीच घे ना. चिरीला सगळं काटेकोर लागतं, म्हणून तिचा भांगसुद्धा अगदी मधोमध. नामीला कुणी ‘साधारण’ म्हटलेलं खपत नाही आणि सगळे तिला नेमकं तेच म्हणतात. माझा जीव अडकतो तो मारियात. बेकायदा देशात आलेली, अनवाणी, एका मुलाचं नाव आणि त्याची वर्गातली जागा विकत घेतलेली, आणि तरी सगळ्यांत खूश. परक्या माणसाला जपान कसं वागवतो यावर कुमेता भाषण ठोकत नाहीत. तिला वर्गात आणून बसवतात, बस्स.

रेषेकडेही लक्ष दे. सपाट काळे भाग, किमोनोवरची नक्षी, स्वच्छ बाह्यरेषा. मास्तराचा वेष जपानच्या जुन्या ताइशो काळातला आणि त्याच्याच वर्गात तोंडातून अवाक्षर न काढता मोबाइलवरून शिव्या पाठवणारी मेरू. सावल्यांची गर्दी कुठंच नाही. तू मात्र सावल्या भरण्यात फार वेळ घालवतेस.

आता गळफासाच्या विनोदाबद्दल. हसू येतं ते मास्तराला मुळात मरायचंच नसतं म्हणून; वेळ आली की तो जिवाच्या आकांतानं ओरडतो. पण तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी असं काही बोलली, तर गंमत समजून सोडून देऊ नकोस. त्याच दिवशी घरात सांग. तुझ्या स्वतःच्या मनात तसं काही आलं, तर रात्री कितीही वाजता मला फोन कर. मी उचलेन.

यानंतर त्यांचंच ‘काकुशिगोतो’ वाच. त्यातला बाप चावट मांगा काढतो. लेकीला कळू नये म्हणून घरातून सूट घालून निघतो आणि वाटेत कपडे बदलतो. ज्या हातानं काफुका काढली त्याच हातानं हे इतकं मायेनं लिहिलंय. माणसांवर एवढा जीव असल्याशिवाय त्यांच्या खोडी इतक्या बारकाईनं दिसत नाहीत, असं मला वाटतं.

पुढच्या चित्रासाठी तुझ्या कॉलेजातली एकच खोड निवड. शक्यतो तुझ्यातही असलेली. गणपतीत येशील तेव्हा वही आण, कच्ची रेखाटनंसुद्धा चालतील.

तुझा,
मामा