चुंबकातील भोवरे

मी इतिहासाचा शिक्षक. परंतु नोंद कशी टिकते, हा प्रश्न इतिहासाचाही आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच त्या प्रवाहाने चुंबकसूच्या विचलित होतील, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजमापे घेतली गेली व जुन्या नोंदींची साखळी अखंड राहिली. ही दक्षता मला फार मोलाची वाटते.

वीज चुंबकत्वाला ढळवते, हीच तेव्हाची अडचण आज संशोधकांना हवीशी झाली आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू हा जणू एक सूक्ष्म चुंबकसूची. तिच्या मुळाशी इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’ हा गुण असतो. शेजारच्या सूच्या सहसा एकाच दिशेला राहतात. संगणकाच्या हार्ड डिस्कवर अशाच समूहांच्या दिशांतून शून्य आणि एक लिहिले जातात. काही पदार्थांत मात्र प्रत्येक सूची शेजारणीपासून किंचित वळते आणि भोवरा तयार होतो: कडेच्या सूच्या वर, मधली खाली. यालाच स्कर्मिऑन म्हणतात. टोनी स्कर्म या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अणुगर्भाच्या संदर्भात ही कल्पना १९६०च्या सुमारास मांडली होती. चुंबकात ती २००९ मध्ये जर्मनीत, मँगनीज व सिलिकॉनच्या संयुगात, आढळली.

डोक्यावरचा भोवरा कंगव्याने कितीही विंचरला तरी जात नाही, केवळ इकडेतिकडे सरकतो. हा भोवराही तसाच चिवट असतो. त्याची रुंदी काही नॅनोमीटरपासून शेकडो नॅनोमीटरपर्यंत असू शकते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अनुकूल पदार्थात तो अगदी क्षीण प्रवाहानेही सरकतो. भोवरा असला तर एक, नसला तर शून्य. २०१३ मध्ये हॅम्बुर्ग येथे सूक्ष्म सुईच्या टोकातून प्रवाह सोडून एकेक भोवरा लिहिला आणि पुसलाही गेला. मात्र ते अतिशीत तापमानात.

नेहमीच्या तापमानात अतिलहान भोवरे टिकवणे अद्याप कठीण आहे. शिवाय ते सरळ न जाता तिरके सरकतात आणि पट्टीच्या कडेला पोहोचून नाहीसे होतात, म्हणजे नोंदच जाते! त्यावर एक उपाय असा: एकावर एक असे दोन थर घ्यायचे आणि त्यांत परस्परविरुद्ध भोवरे जोडीने ठेवायचे. एकाचा कल डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे. मग जोडी सरळ चालते.