रुग्णनोंदींची बिघडलेली फाइल : पुनःप्राप्तीचा क्रम

केसपेपरांच्या गठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतल्यापासून आपल्यापैकी अनेकांच्या रुग्णनोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एकाच 'एमडीबी' फाइलमध्ये साठत आल्या आहेत. गतवर्षी पावसाळ्यात आमच्या औषधविक्रीच्या टेबलावर नोंद चालू असतानाच वीज गेली. यूपीएसची बॅटरी निकामी झाली होती. तो दोष आमचाच. दुसऱ्या दिवशी फाइल उघडेना. डेटाबेसचे स्वरूप ओळखता येत नाही, एवढाच संदेश येई. आत अकरा वर्षांच्या नोंदी होत्या.

अशा वेळी तत्काळ दुरुस्तीची आज्ञा देण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रथम सर्व संगणकांवरील प्रणाली बंद करून फाइलच्या दोन प्रती काढाव्यात व पुढील सर्व उपचार प्रतीवरच करावेत. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही सुविधा न वाचता येणारा भाग वगळू शकते. मूळ फाइलवरच ती चालविल्यास वगळलेले पुन्हा शोधण्यास काही उरत नाही.

फाइलशेजारी त्याच नावाची लहानशी 'एलडीबी' फाइल असते. ती कोण कोण आत आहे याची नोंद ठेवते. सर्वजण बाहेर पडूनही ती उरली असल्यास पुसून टाकावी. त्यानंतर कोणतीही फाइल न उघडता ॲक्सेस सुरू करून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' निवडावे. प्रणाली जुनी फाइल व नव्या फाइलचे नाव विचारते. आमची नवी फाइल उघडली, परंतु रुग्णांच्या तक्त्यातील काही ओळींवर येताच ती अडे.

म्हणून एक कोरा डेटाबेस तयार करून त्यात एकेक तक्ता आयात केला. औषधसाठा व बिले निर्विघ्न आली. रुग्णांचा तक्ता मात्र येईना. कारण 'मेमो' स्तंभात होते. त्यातील दीर्घ मजकूर फाइलमध्ये अन्यत्र साठविलेला असतो आणि ओळीत केवळ त्याचा निर्देश असतो. तो तुटला की ओळ वाचताना चूक येते. मेमो वगळून उरलेले स्तंभ नव्या तक्त्यात घेतले, तेव्हा नावे, दिनांक व औषधयोजना सर्व मिळाले. मग मेमोचा मजकूर नोंद क्रमांकानुसार शंभर-शंभर ओळींनी घेतला. जो गट अडे त्याचे दोन भाग करावयाचे, अडणाऱ्या भागाचे पुन्हा दोन. काम कंटाळवाणे खरे, परंतु दोन रात्रींत संपले.

चौदा रुग्णांचा पूर्ववृत्तान्त मिळालाच नाही. त्यांतील एकास पूर्वी भल्लातकयुक्त कल्पाने अंगावर पुरळ व सूज आली होती. तोच कल्प आम्ही पुन्हा लिहीत असता त्याने स्वतः आठवण करून दिली, म्हणून निभावले. आता असात्म्य औषधांची नोंद आम्ही मेमोत न ठेवता स्वतंत्र लहान स्तंभात ठेवतो आणि रुग्णाच्या हातातील कागदावरही तांबड्या शाईने लिहितो. फाइलची प्रत रोज रात्री दोन पेन ड्राइव्हवर आळीपाळीने घेतली जाते. त्यांतील एक घरी असतो. उरलेल्या तेरांपैकी नऊजण आजवर पुन्हा आले; त्यांचा वृत्तान्त नव्याने विचारून घेतला आहे.